देवळाम्होरली चिंच

उमरग्याजवळून,
आषाढ, फसली १३५३

शांतलिंगअण्णांना धाकट्या बहिणीचं शरणू.

तुमचं पत्र पोचलं. माझा ताप उतरला का, हे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलं. आधी विचारलं, "देवळाम्होरली चिंच वाळली का?" ती वाळाय लागलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्या तर न्हाय.

म्हातारे तिला पाचशे वर्षांची म्हणतात. जर्मनच्या लढाईमुळं कोळशाला मागणी लई, पण हिरवं झाड तोडायला मनाई आहे. वाळलेल्या झाडांचा ठेका तुमच्याकडं. जत्रा करून तुम्ही गेलात आणि आठ दिवसांत पानं गळाय लागली. बुंध्यात चिखलानं लिंपलेलं भोक सापडलं. उकरलं तर हिंगाचा भपकारा आला; हिंग भरला की झाड आतनं वाळतं. म्या ते धुऊन शेणमातीनं बुजवलं.

पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी विचारलं, "किसी पे शक है, बाई?"

म्या "न्हाय" म्हणलं. एका आईच्या पोटचे आपण. पण त्या दिवसापासून घास गोड लागत न्हाय.

काल उगवतीच्या फांदीवर कोवळी पालवी दिसली. मला रडूच फुटलं. हे तुम्हाला कळायला नको, म्हणून हे पत्र टपालात टाकणार न्हाय. दुसरं लिहीन, त्यात नुसती खुशाली असंल.

पंचमीला मला न्यायला या. पाय धुवायला पाणी देईन, पुरणाचं जेवायला वाढीन. पण देवळाकडं तुम्हाला एकटं जाऊ देणार न्हाय.

तुमची,
महानंदा