टाकीकडे पाठ करून

रविवार, ता. ४

प्रिय छोट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू, तुझी बायको आणि चिमणी मजेत असाल. मी खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझे मासे मात्र खुशाल नाहीत. मंगळवारपासून चौघांनी मिळून एक दाणाही खाल्लेला नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘हो ताई, बरोबर ताई’ करत माझं निम्मं बोलणं उडवून लावतोस, आणि मग तुला नेमका दुसरा फोन येतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय हल्ली मला फोन हातात धरवत नाही. ते असो.

आधी मला सांग, तुला हे सुचलं कसं? आईला जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर दारात दोन माणसं उभी. एकाच्या हातात काचेची टाकी, दुसऱ्याच्या हातात पाणी भरलेली पिशवी आणि त्यात चार एंजलफिश. वर तुझी चिठ्ठी: ‘ताई, घर खायला उठत असेल. तुला सोबत.’ अरे, सोबत हवी का, असं एकदा विचारायचं तरी! मी नको म्हणेपर्यंत त्यांनी टाकी मांडलीसुद्धा. कुठे? आईचा पलंग होता तिथेच. प्लग तिथेच आहे ना. आईच्या हवेच्या गादीचा पंप त्याच प्लगवर चालायचा. आता तिथे टाकीचा पंप चालतो, आणि आवाज अगदी तोच. घुर्र, घुर्र. तुला नाही कळायचं. तू तो आवाज एक आठवडा ऐकलास, मी चौदा महिने.

मासे देखणे आहेत, नाही म्हणत नाही. ताटलीसारखे चपटे, अंगावर काळे पट्टे, पंख असे लांब की पाण्यात कुणी रिबिनी सोडल्यात. पण नखरे बघ! दाणे टाकले की एक जण पुढे येतो, बघतो, तोंडात घेतो आणि थू करून टाकतो. बाकीचे तिघे कोपऱ्यात तोंडं शिवून बसलेले. मी दुकानातून परत आले की तासन्‌तास समोर उभी. वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासते आहे, पाव नंबर चुकला तर काच फेकून देते, मला धीर नाही असं कुणी म्हणणार नाही. पण उपाशी तोंड समोर असून उघडत नाही, हे मला आता बघवत नाही रे.

मी तक्ता केला आहे. वेळ, काय दिलं, किती घेतलं. फ्रिजवर लावला आहे. कागद पाठकोराच घेतला, पुढच्या बाजूला आईचा तक्ता आहे.

तू लगेच सांगशील, ‘ताई, दाणे बदलून बघ.’ उंटावरून शेळ्या हाकायची तुझी जुनी सवय. आईच्या वेळीही तेच: ‘ताई, तिला सूप देऊन बघ. ताई, थोडं थोडं दे.’ जणू मी घागरभर देत होते!

बुधवार, ता. ७

पत्र पाकिटात घातलं होतं, टाकलं नाही. पाकीट फोडून पुढे लिहिते आहे.

आज माशांच्या दुकानातला माणूस येऊन गेला. मीच बोलावलं, भांडायला. म्हटलं, आजारी मासे गळ्यात मारलेत. तो ठेंगणा माणूस टाकीसमोर उकिडवा बसला, बघत राहिला. मग म्हणतो कसा, “ताई, पाणी गढूळ का झालंय?”

“खात नाहीत म्हणून परत परत टाकते. कधीतरी खातील.”

“उरलेलं काढत नाही?”

“भूक लागली तर असावं म्हणून ठेवते.”

त्याने कपाळाला हात लावला. “आणि तुम्ही किती वेळ समोर उभ्या असता?”

“खाईपर्यंत.”

“म्हणजे दिवसभर!” तो हसला. मला इतका राग आला की त्याला टाकीसकट बाहेर काढावंसं वाटलं. तो म्हणाला, “मासे ठणठणीत आहेत. आमच्याकडे ते लाल अळ्यांवर वाढले, दाणे हे खाणं असतं हेच त्यांना माहीत नाही. त्यात जागा नवी. निम्मं पाणी बदला. ही गोठवलेली अळ्यांची वडी घ्या, एवढासा तुकडा टाका, दिवा बंद करा आणि तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही समोर असलात की त्यांना खायला घालणारी बाई नाही दिसत. मोठं जनावर दिसतं.”

जनावर! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर पाणी बदललं. नळी धरून रागारागाने बादल्या भरल्या. डॉक्टरसुद्धा आईच्या वेळी हेच म्हणाले होते. ‘बळजबरी करू नका, बाजूला बसा.’ ज्याला त्याला मला बाजूलाच करायचं असतं. मग करणार कोण? अळ्या टाकल्या, दिवा बंद केला. दाराआडून डोकावले तर चौघेही माझ्याकडे तोंड करून स्थिर. खाल्लं नाही.

शुक्रवार, ता. ९

आज तुझ्या बायकोचा निरोप आला. तू धड जेवत नाहीस म्हणे. ‘शेवटचे दोन रविवार मी आईशी बोललो नाही,’ हेच घोकत बसतोस. तिने मला विनवलंय की ताई, तुम्ही त्याला समजवा, तुमचं ऐकेल.

छान! आता तूही तोंड मिटून बसलास.

ऐक. आता जे लिहिते ते खाडाखोड न करता लिहिते, आणि पुन्हा वाचणार नाही.

शेवटच्या महिन्यात आई माझ्या हातून दिवसाला तीन चमचे घ्यायची. तीन. तक्त्यावर आहेत. मी ओरडायचे, मी चमचा दातांवर आपटायचे. हो, आपटायचे. एकदा तिची हनुवटी धरली ती सोडली तेव्हा माझी बोटं उमटली होती. आणि रविवारी दुपारी तुझा फोन यायचा. मी तो तिच्या कानाशी धरायचे, तू म्हणायचास, ‘आई, आ कर बघू,’ आणि ती आ करायची! अकरा चमचे घेतले होते तिने एका रविवारी. वाटी संपवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आज छोट्याने भरवलं गं.”

चमचा माझ्या हातात होता, छोट्या.

पुढच्या रविवारी तुझा फोन आला. मी तुला म्हटलं, आई झोपली आहे. ती जागी होती. टक्क डोळे उघडे ठेवून फोनकडे बघत होती. “त्याचाच ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, राँग नंबर. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तेव्हा तिने विचारलं नाही, भिंतीकडे तोंड केलं. त्या दोन दिवसांच्या रकान्यात शून्य आहे. तिसरा रविवार आलाच नाही.

आणि तू आलास तेव्हा भरल्या घरात मी तुला काय ऐकवलं? ‘शेवटी तिच्याशी बोललासही नाहीस.’ मावशी होती, शेजारी होते. तू मान खाली घातलीस. मला तेव्हा बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

हे तुला माहीत हवं. आता जेव.

शनिवार, ता. १०

दुकानाला आज सुट्टी. सकाळी वडीचा तुकडा टाकला, दिवा बंद केला आणि टेबल खिडकीकडे ओढून टाकीकडे पाठ करून बसले. त्यांनी खावं म्हणून नव्हे, मला पाकिटावर तुझा पत्ता लिहायचा होता. अर्धा लिहून झाला आणि मागे आवाज झाला. टुप. मग थोड्या वेळाने परत, टुप. पाण्यावर तोंड उघडून मिटल्याचा. चार वेळा ऐकला.

मी वळले नाही. वळले असते तर परत कोपऱ्यात गेले असते. आज तक्त्यावरही काही लिहिलं नाही.

बसल्या बसल्या रडून घेतलं, आणि मग परत तुझाच राग आला. झोपली आहे म्हटलं आणि तू ऐकून घेतलंस? उठव म्हणायचं होतंस! भांडायचं होतंस माझ्याशी, लहानपणी फुटाएवढ्या जागेवरून भांडायचास तसं. मी दिला असता फोन. बहुतेक दिला असता.

माझं चुकलं ते चुकलं, त्यात तुझा वाटा नाही. पण राग आहे, तो लपवून माफी मागितली तर तीही खोटीच होईल. म्हणून दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे. सोबत तक्ताही आहे. पुढची बाजू बघ, अकराचा रविवार शाईने गोल केला आहे. तो तुझा, तुझ्याकडेच ठेव.

पत्र बुधवारपर्यंत पोचेल. पुढच्या रविवारी दुपारी तुला वाटलं तर फोन कर. शिव्या द्यायच्या असल्या तरी कर. मी उचलीन, आणि कोण आहे म्हणून विचारणार नाही.

आईला राँग नंबर सांगणारी,
तुझी ताई