नळदुर्ग जवळच आहे

७८६

धाराशिव, मशीनवरून
१३ जून

चि. तौसिफ यास,
अनेक दुवा. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. काश्मीरच्या हॉटेलांचे फोटो कागदावर छापून पाठवायची काय गरज होती, मोबाईलवर दिसतातच की. पण ह्यांनी, तुझ्या दुलाभाईंनी, ते दुकानात, पाण्याच्या मोटारींच्या तारा टांगतात त्याच खिळ्याला अडकवलेत. गिऱ्हाईक विचारतं, कुठं निघालात हाफिजभाई, तर हे नुसती मान डोलावतात. श्रीनगरातही डायलिसिसचं मशीन मिळतं हे तू शोधून काढलंस, त्याबद्दल शाबासकी. पण माझ्यानं होणार नाही बाबा. मंगळवारी आणि शुक्रवारी इथं मशीन. त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात जरा जीव असतो, पुढं पाय सुजायला लागतात. एवढ्या दाव्यात जेवढं चरता येईल तेवढंच माझं रान.

पत्र का, असं मिनाज विचारत होती म्हणे. तिला सांग, फोनवर तुझा नवरा रडतो, मग मी त्याला समजावते आणि माझं सांगायचं राहूनच जातं. इथं डाव्या हातात दोन सुया असतात, उजवा हात मोकळा असतो आणि उठून कुठं जाता येत नाही. पत्र लिहायला याहून चांगली जागा नाही.

तर मी ठरवलंय, सुट्टी इथंच करायची. आपल्याच जिल्ह्यात. मागच्या शनिवारी येडशीच्या रामलिंगाला जाऊन आले. किती वेळा रेल्वेनं येडशी ओलांडली असेल आपण, कधी उतरलो का? दरीत उतरायला पायऱ्या आहेत. मी निम्म्या उतरले आणि बसले. खाली देवळाचं शिखर, भोवती साग, ओढा कोरडा. दोन मोर असे फिरत होते की जणू बाजाराला निघालेत. वानरानं यांच्या हातातली पिशवी नेली, तीत माझ्या गोळ्या होत्या. ह्यांनी त्याच्यामागं धावून त्या सोडवून आणल्या. मी इतकी हसले की धाप लागली. तौसिफ, इतकं चांगलं आपल्याच जिल्ह्यात होतं आणि आपण चारमिनार बघायला हैदराबादला गेलो होतो.

आठवतं ना? नळदुर्गाच्या स्टँडवर गाडी चहाला थांबायची. खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसायची आणि तू हट्ट धरायचास. अब्बा म्हणायचे, ते काय, जवळच हाय, कवाबी बघता येतंय. अजिंठा झाला, गुलबर्गा झाला, नळदुर्ग राहिला. पुढं मी चौथीच्या पोरांना त्याच किल्ल्यातला नर-मादी धबधबा शिकवला तोही पुस्तकातलं चित्र दाखवून. शिवानी म्हणून एक पोरगी होती, ती दरवेळी विचारायची, बाई, त्याचा आवाज केवढा येतो? मी म्हणायची, लई मोठा. आणि फळ्याकडं वळायची.

बोरीचं धरण भरलं की ते दोन्ही धबधबे पडतात. यंदा ते मला तुझ्याबरोबर बघायचेत. काश्मीर नको, कानात घालायला काही नको, एवढंच दे.

दिवसाला पाऊण लिटर पाणी मिळतं मला, पण लोभाला मोजमाप नाही. तो वरपर्यंत भरून पाठव.

तुझी आपा
फरहाना

&nbsp;

७८६

मस्कत
२ जुलै

ती. आपास,
सा. स. वि. वि.

शाळेत गुरुजींनी ‘सा. न. वि. वि.’ शिकवलं आणि अब्बांनी घरी आल्यावर ‘न’ खोडून ‘स’ केला, सादर सलाम. आज इतक्या वर्षांनी लिहिताना हात आपोआप तेच लिहून गेला. मिनाज हसली. तिच्या घरी असलं काही नव्हतं.

तुझं पत्र मी गोदामात, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. वानराच्या मागं धावणारे दुलाभाई डोळ्यांपुढं आले. त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी पिशवीत गोळ्यांऐवजी मोटारीची जळकी कॉइल ठेवा, वानर आपणहून परत आणून देईल.

आपा, फोनवर मी रडतो हे खरं आहे. मला साखर निघाली नसती तर माझी किडनी आज तुझ्या पोटात असती. दुलाभाईंची जुळली नाही, माझी जुळली, तर डॉक्टर म्हणाले साखरवाल्याची घेत नाही. जुळलेली चीज बरणीत बंद ठेवल्यासारखी मी ती घेऊन हिंडतो. म्हणून ते काश्मीर. लहानपणी आपल्या घरात तलावातल्या होड्यांचं कॅलेंडर होतं, त्याचं साल संपलं तरी अम्मीनं काढलं नाही. वाटलं, तेवढं तरी तुला दाखवीन. पण तू म्हणतेस तर नळदुर्ग. तुझ्या वर्गातली पोरं मागं लागल्यासारखा मी तुझ्या मागं चालेन.

अडचण एकच आहे. सुट्टी वर्षातून एकदाच मिळते आणि एकदा तारीख दिली की बदलून मिळत नाही. मी आलो आणि धबधबा कोरडा असला तर आपण दोघं दगड बघून परत येऊ. म्हणून पाणी सुटलं की कळव. मी त्याच दिवशी अर्ज टाकतो.

गोळ्या वेळेवर घे. दुलाभाईंना सलाम. तुझा लोभ आहे म्हणून इथं भात गिळवतो, तो कमी करू नकोस.

तुझा
तौसिफ

&nbsp;

७८६

धाराशिव, मशीनवरून
८ ऑगस्ट

चि. तौसिफ यास,
अनेक दुवा. वि. वि.

पाणी नाही. ढग येतात, आपल्या लोहाऱ्याच्या तहसील कचेरीवर थांबतात, काम न होता परत जातात, आपल्यासारखेच. धरणात तळ दिसतो म्हणे. मी रोज ह्यांना विचारते आणि हे रोज म्हणतात, येईल. मोटारी जळाल्या तरी हे गिऱ्हाइकाला असंच सांगतात.

तरी सुट्ट्या चालू आहेत. मागच्या शनिवारी सोनारीला गेलो. माझ्या शेजारच्या मशीनवर बब्रुवानकाका असतात, मेंढरं राखलेला माणूस, सोनारीचेच. ते कधीचे बोलावत होते. म्हणायचे, मास्तरीणबाई, या एकदा, माकडं बी भेटतील आन म्या बी, वळखू येतंय का बगा. काळभैरवाच्या देवळापुढं खरोखर माकडांची जत्रा असते. माणसं नारळ घेऊन येतात आणि अंग चोरून चालतात. काका ओट्यावर बसून मला एकेका माकडाची खोड सांगत होते. मग आम्हाला गावाबाहेर घेऊन गेले. नुसता माळ, तौसिफ. गवत कमरेएवढंही नाही, घोट्याएवढं, आणि त्यावर वारा फिरला की सगळा माळ एका बाजूला झुकायचा. काका म्हणाले, ह्ये दिसतंय का, ह्येच बगत जल्म गेला, कटाळा न्हाय आला. मी बराच वेळ बघत उभी राहिले. मला तहान लागली होती हेही विसरले, आणि हल्ली मी ते कधीच विसरत नाही.

तहानेचं सांगते. सकाळी हे तांब्यात दिवसाचं पाणी भरून ठेवतात. मी बर्फाचा खडा चघळते, चूळ भरून टाकते. रात्री स्वप्नात हंडेच्या हंडे पिते आणि कुणी ओरडत नाही.

काका ह्या मंगळवारी आले नाहीत. शुक्रवारी, म्हणजे आज, त्यांच्या मशीनवर दुसराच माणूस आहे. मी सिस्टरला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

माझ्या डाव्या हाताची, मशीनसाठी जोडलेली नस बंद पडत चालली आहे. त्यावर हात ठेवला की पूर्वी आत मांजर गुरगुरल्यासारखं वाटायचं, आता चाचपडावं लागतं. आता मानेत नळी घालणार आहेत. घाबरू नकोस, पण एक विचारते, रागावू नकोस. पाण्याची वाट न बघता आलास तर? नुसतं बसू घरात. मी तुला शिळ्या भाकरीचा कुटका करून घालीन.

लोभ जेवढा आहे त्यातला थोडा ह्या खेपेला रजेच्या अर्जावर खर्च कर.

तुझी आपा
फरहाना

&nbsp;

७८६

मस्कत
२९ ऑगस्ट

ती. आपास,
सा. स. वि. वि.

नळीचं वाचून मी दिवसभर चुकीचा माल चुकीच्या गाड्यांत भरत होतो. साहेबानं बाजूला घेऊन विचारलं. मी सांगितलं, बहीण आजारी आहे. तो चांगला माणूस आहे, म्हणाला, जा. पण मग मीच म्हणालो की थोडं थांबतो.

आपा, तुला खरं सांगतो. आत्ता आलो तर नुसता तुझ्या खाटेशी बसेन, आणि मला ते जमणार नाही. मी तुला काहीच देऊ शकलो नाही. हे एक तू तोंडानं मागितलंस, ते मला नीट द्यायचं आहे, पाण्यासकट. इथं बातम्यांत रोज मराठवाड्याचे ढग बघतो. सगळे म्हणतात, परतीचा पाऊस मोठा आहे. ५ ऑक्टोबरचं तिकीट काढलं आहे. तोवर धरण भरेलच.

आणि शब्द दे, माझ्याआधी तू बघायचं नाहीस. दुलाभाई लाडानं घेऊन जातील, मोबाईलवर लोक पाठवतील, काही बघू नकोस. दोघांनी पहिल्यांदा एकदमच बघू. अब्बांबरोबर गाडीच्या खिडकीत बसलो होतो तसे, तू आतल्या बाजूला.

लोभ कर, आणि माझ्यासाठी दम धर.

तुझा
तौसिफ

&nbsp;

७८६

लोहारा
२६ सप्टेंबर

चि. तौसिफ यास,
अनेक दुवा. वि. वि.

पाणी सुटलं. तू फोनवर ऐकलंस, पण मला पत्रात लिहायचं होतं. आठ दिवस असा पाऊस झाला की आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं. धरण भरून वाहतंय. गावातले सगळे एकमेकांना धबधब्याचे व्हिडिओ पाठवतात, मी एकही उघडला नाही. शब्द म्हणजे शब्द.

तरी एक गुन्हा केलाय, तो ऐक. आज मशीन झाल्यावर आम्ही नळदुर्गावरून येणारी एसटी धरली. स्टँडवर गाडी थांबली आणि मला काय झालं कोण जाणे, मी उतरले. हे मागून, अगं, अगं करत. रिक्षानं किल्ल्यात गेलो. बंधाऱ्यातल्या पाणीमहालाच्या अलीकडं एक पडकी भिंत आहे. मी ह्यांना म्हणाले, मला इथं बसवा, नदीकडं पाठ करून. हे म्हणाले, दोन पावलांवर आहे फरहाना, वळून बघ, तौसिफला कोण सांगतंय? मी म्हणाले, तुम्ही बघून या, आणि मला काही सांगायचं नाही.

मी बघितलं नाही, तौसिफ. पण ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, रस्त्यावरून मालगाड्या चालल्यात. मग कळलं, थांबत नाही ते. ज्या भिंतीला टेकले होते ती पाठीत थरथरत होती, माझ्या हाताची नस चांगली होती तेव्हा थरथरायची तशी. तोंडात कोरड होती, तांब्यातलं पाणी सकाळीच संपलं होतं, आणि मागं एवढं पाणी पडत होतं की कुणाला त्याचा हिशेबच नको होता. मला रडू आलं. दुःखाचं नाही. म्हणजे दुःखाचंही असेल. शिवानीला आता सांगता येईल, आवाज केवढा येतो ते.

हे परत आले ते तुषारांनी भिजून. चेहरा असा झाला होता की मी विचारायच्या आत दुसरीकडं बघितलं. मी त्यांच्या ओल्या शर्टावर तळवा ठेवला आणि तो चेहऱ्यावरून फिरवला. तेवढं तुझ्याआधी घेतलं, माफ कर.

मानेतली नळीही नीट चालत नाही. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं, मला आत कळलं. मी दम धरलाय. ह्यांना मी बजावलंय, आल्यावर तुला यातलं काही सांगायचं नाही, माझ्याच पत्रातून कळू दे. पाच तारखेला ये आणि विमानतळावर झोप काढत बसू नकोस. मी आतल्या बाजूची जागा धरून ठेवते.

लोभ आहे. यंदा तर धरणासारखा आहे.

तुझी आपा
फरहाना

&nbsp;

७८६

मस्कत
९ नोव्हेंबर

ती. दुलाभाईंस,
सा. स. वि. वि.

परत पोचलो. फोनवर मी नुसता रडेन, म्हणून आपाचीच रीत धरतो.

आपाचं २६ सप्टेंबरचं पत्र आमच्या खोलीच्या दाराखाली पडलं होतं. ती गेल्याचा तुमचा फोन दोन ऑक्टोबरला आला, मी मिळेल त्या विमानानं निघालो, तरी दफनाची मिट्टी चुकली, आणि आम्ही दोघं इकडं नसताना हे येऊन पडलं. मिनाजनं वाचून दाखवायचा प्रयत्न केला, तिलाही जमलं नाही. मग मी एकट्यानं वाचलं. तुम्ही तिला दिलेला शब्द पाळलात, मला काही बोलला नाहीत. मी तुम्हाला दोष देत नाही.

मी लोहाऱ्यात होतो त्या दिवसांतलं एकच मला इथं पुन्हा पुन्हा आठवतं. तिसऱ्या दिवसाची जियारत झाल्यावरच्या सकाळी तुम्ही मोटारसायकल पुसून दारात लावली होती. मला म्हणालात, तौसिफ, चल, नळदुर्गाला जाऊन येऊ, पाणी अजून आहे. तुमच्या हातात आपाचा तांब्या होता, भरलेला. मला तेव्हा तुमचा राग आला होता. वाटलं, ह्या माणसाला बायकोला माती देऊन चार दिवस झाले नाहीत आणि फिरायला जायचं सुचतंय.

आता कळतं, तुम्ही मला कुठल्या भिंतीशी नेणार होतात.

तुम्ही तिथं उभे होतात आणि मी चपलेत पाय घालायचाही त्रास घेतला नाही. बाजेवरूनच म्हणालो, राहू द्या दुलाभाई. नळदुर्ग काय, जवळच आहे, कधीही बघता येईल.

पुढची रजा पुढच्या वर्षी. तोवर तुमचा लोभ राहिला तर तो माझ्या लायकीपेक्षा जास्त असेल.

तुमचा
तौसिफ