चौकोनी झाकणाचा पंचवार्षिक अहवाल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे सध्या सातच अंगांनी; आठव्याचं काय झालं ते पुढे येईलच). तुझी तब्येत कशी आहे? कंबर, डोळे आणि भाऊजींचा स्वभाव ही तिन्ही जुनी दुखणी आटोक्यात असतील अशी आशा करतो. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेले चार दिवस तुझा फोन लागत नाही. सकाळी लावा, दुपारी लावा, आपला व्यस्त. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांना एकमेकांशी जोडून दिलंस, ते संपून सहा वर्षं झाली, मग आता एवढं बोलायला तुला सापडलं तरी कोण? भाऊजी असणं शक्य नाही. त्यांनी शेवटचं पूर्ण वाक्य तुमच्या लग्नात उच्चारलं होतं.

इकडे आमची निवडणूक तीन आठवड्यांवर येऊन ठेपली आहे. गेल्या खेपेला मी एकोणीस मतांनी निवडून आलो, हे तुला माहीत आहे. (त्यातली अकरा आपल्या घरातली, म्हणजे जनतेचं प्रेम एकूण आठ मतांचं.) यंदा समोर कोपऱ्यावरचा औषधवाला उभा आहे. माणूस दिसायला गरीब, पण फार घातक. अख्खा वॉर्ड आपली दुखणी त्याला सांगतो आणि तो ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. वर गोळीही देतो. मी पाच वर्षं नुसताच धीर दिला. खरं सांगायचं तर यंदा माझी घाबरगुंडी उडाली आहे. अर्ज मागे घ्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे आणि रोज सकाळी दाढी करताना मी आरशातल्या माणसाला विचारतो, बाबा रे, घेतोस का मागे?

तेव्हा ठरवलं, पाच वर्षांच्या कामाचा अहवाल छापून घरोघर वाटायचा. एका बैठकीत सोळा पानं लिहिली. आपल्याच कर्तृत्वाने भारावून जाऊन दोनदा पाणी प्यायलो आणि कागद तुझ्या भावजयीच्या हाती दिले. गणिताच्या बाईला लग्नाआधी गणित विचारावं, लग्नानंतर काहीही विचारू नये, हे मला पंचवीस वर्षांत कळायला हवं होतं. तिने लाल पेन्सिल काढली. ‘रस्तारुंदीकरणाचा संकल्प सोडला’ याच्यापुढे तिने लिहिलं, ‘कृती दाखवा.’ ‘वाचनालयासाठी सतत पाठपुरावा केला’ याच्यापुढे, ‘उत्तर?’ आणि शेवटच्या पानावर, जिथे मी स्वतःला वॉर्डाचा आधारस्तंभ म्हटलं होतं, तिथे नुसतंच एक मोठं वर्तुळ. सोळा पानांची दीड पानं झाली. दीडशे मुलांचे पेपर तपासतानासुद्धा ही बाई इतकी आनंदात कधी दिसली नव्हती.

दीड पान फारच रोडकं दिसायला लागलं म्हणून फोटो घालून ते भरावं असा विचार केला. फोटोवाल्याला घेऊन निघालो. पहिलं काम, चौकातला बाक. हा बाक मी बसवला याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण त्यावर एक निवृत्त पोस्टमन बसतात, बाक आला त्या दिवसापासून ते उठलेले नाहीत. फोटोपुरतं उठा म्हटलं तर म्हणाले, ‘तुम्ही पाच वर्षांनी उठताय, मी कशाला घाई करू?’ शेवटी फोटोत मी बाकाच्या मागे उभा आहे आणि ते पुढे हाताची घडी घालून असे बसलेत की बाक त्यांनीच मला दान दिला असावा. दुसरं काम, औषधवाल्याच्या दुकानासमोरचा दिवा. हा दिवा दिवसभर लख्ख जळतो आणि संध्याकाळ झाली की विझतो. आम्ही दुपारी बाराला गेल्यामुळे फोटो सुरेख आला. तिसरं काम, शाळेसमोरचा गतिरोधक. त्याची उंची जरा जास्त झाली आहे अशा तक्रारी होत्या. मी त्या विरोधकांच्या कुजबुजी समजत होतो. त्या दिवशी स्कूटरवरून हात हलवत त्यावर चढलो, आणि उतरलो तो एकटाच, स्कूटर मागून आली. (गुडघा तो हाच.) फोटोवाल्याने हा सगळा प्रकार टिपला आणि आजवर काढलेला हाच त्याचा उत्तम फोटो असल्याचं तो गावभर सांगतो आहे.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. मागच्या गल्लीत एक शिलाईवाल्या काकू आहेत. त्यांच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर गटाराचं चेंबर आहे, आणि त्याला तीन वर्षं झाकण नाही. गिऱ्हाईकं कपडे द्यायला येतात ती कडेने, भिंतीला पाठ लावून. मी झाकणासाठी बारा अर्ज केले, आणि ताई, हे मात्र खरं आहे, हिनेसुद्धा मोजून बरोबरची खूण केली. गेल्या वर्षी झाकण आलंही. भोक गोल, झाकण चौकोनी. पालिकेच्या इंजिनिअरला दाखवलं. त्याने झाकणाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं आणि म्हणाला, झाकण नियमाप्रमाणे आहे, भोक बदलून घ्या. तेव्हापासून काकूंनी भोकावर एक मोडकी खुर्ची ठेवली आहे आणि चौकोनी झाकण भिंतीला टेकवून त्यावर ब्लाउज वाळत घालतात. अहवालात मी लिहिलं होतं, ‘झाकणाचा प्रश्न अंतिम टप्प्यात.’ हिने विचारलं, अंतिम टप्पा तीन वर्षं चालतो का? मी म्हटलं, सरकारी कामात चालतो. तरी मनाला लागलं, म्हणून लंगडत स्वतः पाहायला गेलो, खुर्ची उचलली, वाकलो, आणि वरच्या खिशातला फोन आत. बुडुक असा आवाज आला. काकू शिवणयंत्र थांबवून म्हणाल्या, ‘आता तरी बसवाल झाकण.’

नवा फोन घेतला, नवा नंबर मिळाला, तो मलाच पाठ होईना. त्यामुळे अहवालाच्या तळाला ‘तक्रारीसाठी संपर्क’ एवढं लिहून पुढे जागा मोकळी सोडली आणि कागद छापखान्यात दिला. अहवाल छापून झाला, घरोघर वाटून झाला, आणि मी जिन्याखालच्या आपल्या ऑफिसात फोन समोर ठेवून, छातीचा कोट करून बसलो. चार दिवस झाले, एकही तक्रार नाही. लोक तृप्त आहेत असा मी अर्थ काढला. हिचं म्हणणं, लोकांनी नाद सोडला. असो. इकडे सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार सांग, त्यांनी उत्तर नाही दिलं तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. फोन गटारात गेला त्याबरोबर सगळ्यांचे नंबर गेले. तोंडपाठ फक्त एकच होता, तुझ्या घरचा. तो विसरू नये म्हणून मी अहवालाच्या कागदावरच समासात लिहून ठेवला होता. छापखानेवाल्याने पाहिलं, तळाला जागा मोकळी, समासात नंबर बेवारशी. त्याने दोघांचं लग्न लावून दिलं. दोन हजार प्रती. तर तुझा फोन व्यस्त का असतो ते बहुधा तुला आधीच कळलं असावं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात शिलाईवाल्या काकू आल्या. झाकण बसलं! गोल! म्हणाल्या, ‘तुमच्या ऑफिसातल्या बाई फार वस्ताद आहेत. मला म्हणाल्या, फोन ठेवू नका; दुसऱ्या फोनवरून इंजिनिअरला धरलं, आणि आमचं बोलणं एकमेकांना ऐकवत बसल्या.’ मग शोध लागला की पलीकडच्या वॉर्डात एक चौकोनी भोक आहे आणि त्यांच्याकडे वर्षभर एक गोल झाकण पडून आहे. ताई, माझ्या बारा अर्जांना जे सुचलं नाही ते तू दोन रिसीव्हर समोरासमोर धरून केलंस! औषधवाल्यानेही तुला दिव्याबद्दल फोन केला होता म्हणे, आणि कालपासून दिवा संध्याकाळी लागतो. तो मला रस्त्यात गाठून म्हणाला, ‘त्या बाई उभ्या राहणार असतील तर मी अर्ज मागे घेतो. तुमच्यासाठी नाही.’ तेव्हा विनंती एवढीच, की मतदानाच्या दिवसापर्यंत फोन उचलत राहा. आणि कोणी विचारलंच तर तू माझ्याच ऑफिसातून बोलतेस असंच सांग. दुसऱ्या गावातून बोलतेस हे सांगायची गरज नाही.

अगदी शेवटचा ता. क. हा हिला दाखवू नकोस. छापखान्यातून प्रूफ आलं तेव्हा तो नंबर मला दिसला होता. हिचीच लाल पेन्सिल माझ्या हातात होती. लहानपणी चपलेचा अंगठा तुटला, पाटी फुटली, कोणी मारलं, की मी तुझ्याकडे यायचो. मीच काय, अख्ख्या गल्लीतली पोरं यायची, आणि तू आधी रडणं ऐकून घ्यायचीस. पेन्सिल खाली ठेवली आणि ‘ठीक’ लिहून सही केली. पाच वर्षांत समजून-उमजून केलेलं काम म्हणशील तर हे एकच. आता त्याची फळं भोगतो आहे. शनिवारी अर्ज मागे घेऊ की उभा राहू, हे तुला विचारायला चार दिवस फोन लावतोय आणि माझेच मतदार तो लागू देत नाहीत. तू तक्रारींची वही घातली असशीलच, तुझी सवय मला माहीत आहे. तिच्यात शेवटी माझंही नाव लिही. माझी पाळी आली की फोन कर, नवा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. मी जिन्याखालीच बसलो आहे.