रेहानाची काळी खिडकी

३ नोव्हें., सोम.
शेलूबाजारच्या आमच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर आज टाळ्या वाजल्या. रेहानासाठी. बाई येऊन दोन महिने नाही झाले! शेतकऱ्यांच्या कागदांचे स्कॅन निवडायचे, तिने बनवलेल्या बॅच फाइलवर, म्हणजे छोट्याशा प्रोग्रामवर, ओढून सोडायचे. स्क्रीनवर काळी खिडकी उघडते, मिटते, सगळ्यांची मिळून एक झिप तयार. मी इतकी वर्षं एकेक फाइल वेचून तेच करते आहे.
साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सुजाता, हे तुले काहून नाही सुचलं?"
तिडीक गेली डोक्यात. वाशिमच्या मोठ्या ऑफिसात एकच जागा निघणार आहे. ती माझीच, असं धरून चालले होते मी.

४, मंगळ.
"ताई, ती फाइल तुमच्याबी कॉम्प्युटरवर टाकून देली," रेहाना म्हणते. वर डब्यातली शेवयांची खीर दिली. छान झाली होती. त्याचाही राग आला.
मी हट्टाने हातानेच केलं. पेन ड्राइव्ह वाशिमला नेणारी संध्याकाळची जीप ताटकळली. ड्रायव्हर बडबडला. बडबडू दे.

६, गुरु.
ती जेवायला गेल्यावर गुपचूप वापरून पाहिली. चुटकीसरशी काम. जळफळाट झाला नुसता. नोटपॅडमध्ये उघडली तर चारच ओळी! कसला एवढा तोरा? (तोरा तिला नाहीच, म्हणा. साहेबांनाच आहे.)

७, शुक्र.
सापडलं! झिपला नाव फक्त तारखेचं पडतं. त्याच दिवशी दुसऱ्यांदा चालवली की पहिली झिप गायब, तिच्या जागी दुसरी. भाच्याच्या बारशाच्या फोटोंवर करून पाहिलं. आपण रोज एकदाच करतो, म्हणून तिला पत्ता नाही.
आई म्हणाली, "काय वं, लय खुशीत हायेस आज?"

१०, सोम.
आवक वाढली. साहेबांचा हुकूम: उद्यापासून झिप दोनदा, दुपारी नि संध्याकाळी. रेहानाचीच फाइल वापरायची. झिप झाली की मूळ स्कॅन पुसायचे, ही आमची जुनी रीत. कॉम्प्युटरात जागाच नाही. म्हणजे दुपारच्या लोकांचे कागद उद्या गेलेच. बोंब रेहानाच्या नावाने होणार.
साहेबांना "हो" म्हटलं नि कामाला लागले.
संध्याकाळी तिचा फोन. उद्या सुट्टीवर आहे, बहिणीला पाहायला कारंज्याचे पाहुणे येणार. "ताई, उद्या दोनदा चालवा लागते म्हणे. मले घोर लागला होता. पण तुमी हा ना तिथं."
"हाव, मी हावो ना," म्हणाले.
नावात वेळ जोडली की झालं. येतं मला तेवढं. पण जोडली तरी कौतुक तिच्याच फाइलचं.
उद्या लवकर जाणार आहे. जाऊन काय करणार, ते अजून ठरलं नाही.