प्रार्थनेचा विषय

सोमवार, ७ एप्रिल १९९७

म्हणे मी घर मोडलं! मी! काल उपासना सुटल्यावर, रोह्याच्या भातगिरणीसमोर, भर रस्त्यात माझी सख्खी धाकटी बहीण मला बोलली — "बाय, तू माझं घर मोडलंस." आणि नवऱ्याला घेऊन चालायला लागली. मी हाका मारतेय, सगुणा वळून बघत नाय. परतीची गाडी एकच, पण माझ्या डब्यात चढली नाय. निडीला उतरताना नुसती पाठ दिसली.

काय केलं मी? कमळाकरभाऊंनीच विचारलं, कुणाचा प्रार्थनेचा विषय आहे का. दर रविवारी विचारतात. कुणाचा गुडघा असतो, कुणाच्या पोरीचं लग्न. मी उभी राहिले आणि म्हटलं — माझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करा, जगनने शिमग्याला परत दारू घेतली. एवढंच! खोटं बोलले? शिवी दिली? सगळ्या मंडळीने डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना केली. चार वर्षं थेंब शिवला नाय म्हणून त्याला डोक्यावर घेतात ना? मग पडला तर उचलायला नको?

सगुणाने मला गाडीत गुपचूप सांगितलं होतं, ते खरं. "एकदाच घेतली गो बाय. रातभर रडला. कुणाला बोलू नको." पण देवाची माणसं म्हणजे काय गाव झालं?

ही वही भाऊंनीच दिलीय. ते मंडळीचे पाळक. म्हणाले, पुतळीबाई, तुमचा राग आणि तुमची जीभ दोन्ही प्रभूच्या हातात द्यायला शिका, रोज आपला एक दोष लिहा. दोन महिने वही कोरीच पडली होती. चौथी शिकले, लिहिता येतं, पण बसायला वेळ कुणाला! आज बसले.

आजचा दोष — माझा नाय. तिचा.

मंगळवार, ८ एप्रिल

पाडवा. पेणच्या अख्ख्या आमच्या रामवाडीत गुढ्या. माझ्या दाराला काय नाय. प्रभूकडे वळले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझा सख्खा भाऊ उंबरा चढू देत नाय. नवरा तर त्याच्या आधीच गेला, पोटी कोण नाय. सगुणा होती. तिच्यामुळेच मी मंडळीत आले.

शेजारच्या गिरजाबाईने वाटीभर श्रीखंड आणलं. "निवेदाचा नाय हाय. देवाला दाखवायच्या आधी तुझ्यासाठी काढून ठेवलेला. खा गुमान."

खाल्लं. एकटीने श्रीखंड खाल्लं की दाताला आंबट लागतं.

दोष — राग. पण कारण होतं!

शुक्रवार, ११ एप्रिल

पापडाचा हंगाम. सकाळपासून गिरजाबाईच्या पडवीत आम्ही पाच जणी. शेठकडून पोह्याचं पीठ मळून येतं, आम्ही लाट्या पाडायच्या, लाटायच्या, उन्हात घालायच्या. हात चालतो तशा जिभा चालतात. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचा पोरगा कुणाच्या मागे. मी एक शब्द बोलले नाय. पूर्वी मीच पुढे असायचे.

गिरजाबाई बोलली, "काय गो पुतळे, तोंडात मशेरीची गुळणी धरलीस काय?"

सगळ्या खिदळल्या. मी बोलले, "मशेरी सोडली मी. मंडळीत उभी राहून साक्ष दिलीय."

"व्हय व्हय," ती म्हणाली. "दिलीस खरी." आणि खाली मान घालून लाटायला लागली.

या बायका माणसं चघळतात. मी आता त्यातली नाय. प्रभूची कृपा.

दोष — सुचत नाय. हात भरून आलेत.

रविवार, १३ एप्रिल

खिडकीची जागा धरली, शेजारी पिशवी ठेवली. दर रविवारी ठेवते. निडीला सगुणा चढते, पिशवी मांडीवर घेते, त्यातले शेंगदाणे खात खात रोह्यापर्यंत बोलते. आज गाडी थांबली. दोन माणसं उतरली. एक बकरी घेऊन बाई चढली. गाडी सुटली. एक जण म्हणाला, "मावशी, पिशवी उचला, बसायचंय." मी म्हटलं, माणूस येतंय. तो म्हणाला, "आता कुठनं येतंय? रोहाच येतंय!" मी उचलली नाय. तो उभाच राहिला.

उपासनेत जगनची ढोलकी खिळ्याला टांगलेली. भाऊंनी त्याला काही दिवस वाजवू नको म्हणून सांगितलंय म्हणे. गाणी झाली पण एकाचा ताल दुसऱ्याला नाय. टाळ्या पडायच्या आणि विझायच्या.

सुटल्यावर बायका माझ्याभोवती. कधी नाय त्या! एरवी सलाम करून पुढे जातात. "पुतळीबाई, किती घेतली त्याने? मारतो काय तिला?" मी सांगितलं जे माहीत होतं ते. थोडं जे माहीत नव्हतं तेही. चहा दिला मला, बसायला खुर्ची दिली.

दोष — उद्या लिहीन.

सोमवार, १४ एप्रिल

येईल. जाते कुठे!

गुरुवार, १७ एप्रिल

आली नाय. निरोप आला. निडीकडची एक भाजीवाली पेणच्या बाजारात बसते, तिच्याकडून. मिरच्या मोजता मोजता म्हणाली, "तुमच्या भनीनं सांगितलाय, मला बहीण नाय."

बाजारात! मिरच्यांच्या ढिगासमोर! मी तशीच मिरच्या न घेता आले. दुपारी इतक्या जोरात लाटलं की शेठची चार पापडं फाटली. कोण समजते स्वतःला? हिला मीच वाढवली. आई दिवसभर मिठागरात, ही माझ्या कमरेवर. हिचे पाय भाजू नयेत म्हणून तापलेल्या बांधावरनं उचलून नेलीय मी! आणि बाजारात निरोप पाठवते!

एवढा राग आला की — पुढचं लिहीत नाय.

शनिवार, १९ एप्रिल

लिहिते. वही माझी, वाचणारं कोण!

गुरुवारी मशेरी लावली. आणि ती पहिली नाय. साक्ष दिली त्याला दोन महिने झाले. तेव्हा खरंच सोडली होती, नऊ दिवस. दहाव्या दिवशी लावली. तेव्हापासून रोज. घरी भाजली तर वास अख्ख्या आळीत जातो, म्हणून भाजत नाय. गिरजाबाईच्या पडवीत दाराच्या चौकटीवर तिची डबी असते. ती आत गेली की चिमूटभर घ्यायची, पदराच्या टोकाला बांधायची. वाटायचं, तिला कळत नाय.

आज सकाळी पीठ यायच्या आधी दोघीच होतो. मी सगुणाच्या नावाने खडे फोडत होते. सगळं सांगितलं, शिमगा, उपासना, बाजारातला निरोप. वाटलं, म्हणेल बहीणच खोटी. ती उठली, चौकटीवरची डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"आज सरळ घे," म्हणाली. "फाल्गुनापास्नं नेतेस. डबी लवकर सरते, मला कळत नाय व्हय? पण मी बोलली काय कुणाला? या चार जणींना तरी बोलली?"

तिने डबी आणखी पुढे सरकवली.

"तुझ्या त्या मंडळीत येऊन सांगितला असता तर?"

हीच ती गिरजाबाई, जी अख्ख्या रामवाडीची भांडी उघडी करते! हिने माझी डबी झाकून ठेवली.

रविवार, २० एप्रिल

उपासना संपल्यावर बायका परत गोळा व्हायला लागल्या. त्यांना टाळून सरळ भाऊंकडे गेले. विचारलं, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं असेल तर तुम्ही मला गप्प का नाय केलं? तुम्ही पाळक ना?"

मला वाटलं, वचन काढून दाखवतील. त्यांनी बसायला अंथरलेल्या गोणपाटाची घडी केली. मग म्हणाले, "मीपण ऐकत होतो, पुतळीबाई."

त्यांच्यावर राग आला नाय. हे पहिल्यांदाच.

मंगळवार, २२ एप्रिल

खरं लिहायचं तर हे लिहायला हवं.

जगन साक्ष द्यायचा तेव्हा मंडळी रडायची. दारूच्या गुत्त्यातून प्रभूने कसा उचलला, मग ढोलकी, मग गाणं. मी मशेरीची साक्ष दिली तेव्हा कुणी आमेनसुद्धा धड म्हटलं नाय. मशेरी ती काय! मागे एक जण जांभई देत होता. मी बघितला.

आणि त्या रविवारी मी जगनचं नाव घेतलं तेव्हा सगळ्या माना एकदम वळल्या. माझ्याकडे. पंखा बंद पडल्यासारखी खोली गप्प झाली. मला बरं वाटलं.

हे लिहिलं. बरं वाटलं. प्रार्थना करत होते सगळे आणि मला आतून गुळासारखं गोड लागत होतं. पापड लाटताना कुणाची सून पळाली हे सांगताना जसं लागायचं, तसंच. जागा फक्त बदलली. पडवीतनं उठून देवाच्या घरात आणली मी ती सवय.

दोष — वर लिहिलाय. एक नाय, तीन आहेत. हेवा, जीभ, खोटी साक्ष.

बुधवार, २३ एप्रिल

गिरजाबाईला सांगितलं, डबी आत ठेव. म्हणाली, "ठेवते. पण मागायला आलीस तर शिव्या देईन." म्हटलं, दे.

गुरुवार, २४ एप्रिल

डोकं ठणकतंय. दोघींशी भांडले. एकीची माफी मागितली. दुसरीची उद्या.

प्रार्थना करायला बसले. आधी नेहमीसारखी यादी आली डोक्यात, याच्यासाठी त्याच्यासाठी. मग गप्प बसले. त्याला सगळं माहीत आहे, मी काय बातमी देणार! नुसती बसले. थोडं हलकं झालं.

रविवार, २७ एप्रिल

रोह्याला गेले नाय. निडीलाच उतरले.

स्टेशनापासून सगुणाचं घर दहा मिनिटं. दार लोटलेलं. आतून भाकऱ्या थापायचा आवाज. मी हाक मारली, "सगुणा गो!" आवाज थांबला. मी गप्प झाले, थापायचा आवाज परत सुरू. तीन वेळा असं झालं. दार काय उघडलं नाय.

जगन मागच्या अंगणातनं आला. कंपनीची रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मी जवळ जाऊन वास घेतला. हो, घेतला! माझी सवय. त्याला कळलं. म्हणाला, "घेतलेली नाय, बाय. त्या शिमग्याच्या दिवसानंतर नाय." आणि मला तांब्याभर पाणी दिलं. मी ओट्यावर बसले.

म्हटलं, "जगन, मी चुकले. तुझं मी चारचौघांत बोलायला नको होतं."

तो म्हणाला, "बोलायचाच होता."

"म्हणजे?"

"त्या रविवारी मी सोता उठून सांगणार होतो. सगुणाला म्हाईत होता. तिनंच बळ दिलेला. नीट बोलता यावा म्हणून कागदावर लिवून नेलेला. खिशात होता."

"मग उठला का नाय रे?"

"तुमी आधी उठलात."

आत भाकरीचा आवाज थांबला होता. परत सुरू झाला नाय.

मी विचारलं, कागद कुठे आहे. म्हणाला, "चुलीत घातला. आता काय कामाचा? माजा होता तवा सांगितला असता तर पाप सांगितला असता. तुमी सांगितल्यावर नुसती बातमी उरली."

माझ्यावर आवाज चढवला नाय त्याने. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

गाडी चारची होती. तोपर्यंत फलाटावर बसले. ऊन सरत नव्हतं.

सोमवार, २८ एप्रिल

मशेरी सोडून आज पाचवा दिवस. खरा पाचवा. आज सकाळी दात नुसत्या मिठाने घासले. मंडळीत सांगणार नाय.

बुधवार, ३० एप्रिल

सगुणा, आता हे तुला लिहितेय.

ही वही तुझ्या हातात देतेय. गिरजाबाई तिच्या भाचीकडे निडीला निघालीय, तिच्याकडून पाठवतेय. तिला वाचता येत नाय. आलं असतं तरी बोलली नसती.

पहिल्या पानापासून वाच. मशेरीचं आहे, हेव्याचं आहे, बरं वाटल्याचं आहे. कुणाला माहीत नाय. आता तुला माहीत आहे. माझ्याकडे तुझं होतं तसं तुझ्याकडे आता माझं.

रविवारी, ४ तारखेला मी तुझं नाव न घेता एवढंच बोलणार आहे की जगनचं सांगणं मी चोरलं. पुढे भाऊ विचारतील, कुणाचा प्रार्थनेचा विषय आहे का. तेव्हा तुला वाटलं तर उठ आणि ही वही वाच. सगळी वाच. मी तुला अडवणार नाय, आणि उठून जाणार नाय. सकाळी गाडीत खिडकीशेजारी पिशवी ठेवलेली असेल, शेंगदाणे घेऊन. वाचायची असली तरी निडीला चढ, नसली तरी चढ.

पण मला शनिवारपर्यंत कळव. भाजीवालीकडून नको! तू स्वतः सांग — वाचणार, का वही परत देणार?