तू वाट मागितली नाहीस

बाबा,

काका गेला. मागच्या आठवड्यात दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. तुला हे सांगायला हवं असं सारखं वाटत होतं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले आहे. मला असं लिहिण्याची सवय नाही. कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर आकडे लिहिते, तेवढंच. आईने विचारलं, कोणाला लिहितेस? मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे.

काकाला नेताना आपल्या दारावरूनच नेलं. एकच अंगण, समोरासमोर दोन दारं, आणि आजोबांची मोठी बोट विकल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नव्हतात. बोट विकायचं त्याने ठरवलं, तुला विचारलं नाही, आणि तू "दादा" म्हणायचं सोडून दिलंस. घरात तो "तुझा काका" झाला. बाजारात मासळीच्या टोपल्यांपाशी समोर आलात तर दोघंही आभाळाकडे बघायचात, जणू पाऊस येणार आहे.

बोलायचात ते फक्त शर्यतीत, तेही तोंडाने नाही. माघातल्या अष्टमीला गावदेवीची जत्रा असायची, भांगाचं पाणी असायचं, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, आणि सकाळी जमिनीवरून गार वारा यायचा. खाडीच्या तोंडापासून वर वळणावरच्या खुंटापर्यंत जायचं, खुंटाला वळसा घालून परत. एका होडीत दोन माणसं, एक शीड. तुला मुलगा नव्हता म्हणून शीड धरायला मी तुझ्याबरोबर बसायचे. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "पोरीला कशाला घेतो रे, बुडवशील." तू म्हणायचास, "हलकी आहे. तुला घेतलं तर नक्की बुडेन."

जाताना वारा समोरून आणि ओहोटीचं पाणीही समोरून. होडी सरळ जात नाही, तिरकी घ्यावी लागते, एका काठाकडे, मग दुसऱ्या काठाकडे. हे तू मला शिकवलंस. मधल्या धारेत पाण्याचा जोर जास्त, काठाला कमी, म्हणून जो चिखलाच्या जितका जवळ जाऊन वळेल तितका त्याचा फायदा. आणि काकाला कधी मोकळं सोडायचं नाही. तो वळला की आपणही वळायचं, त्याच्या आणि वाऱ्याच्या मध्ये राहायचं, आपलं शीड त्याचा वारा खाईल असं. तू पुढे बघतच नसायचास. मानेवर वारा कळायचा तुला, आणि डोळे त्याच्या सुकाणूवर. तोही तसाच. मला कधी कधी वाटायचं, एवढं लक्ष देऊन तुम्ही घरातल्या कोणाकडे बघत नाही.

एक नियम होता. दोन होड्या शेजारी शेजारी काठाकडे निघाल्या, तर काठाच्या बाजूच्या होडीला वळता येत नाही, वळली तर दुसरीवर आपटेल. तेव्हा आतल्याने ओरडायचं, "वाट!" मग बाहेरच्याने आधी वळायचं, कितीही नुकसान झालं तरी. पण हे सुकाणू धरणाऱ्यानेच ओरडायचं. शीड धरणाऱ्याची हाक धरली जात नाही.

दोन हजार सोळाच्या शर्यतीच्या आधी डहाणूच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तुझ्या छातीबद्दल सांगितलं होतं. तुलाही कळलं असणार, तू विचारलं नाहीस. त्या सकाळी मला जिंकायचं नव्हतं. तुम्ही दोघं शेजारी शेजारी काठाकडे यावं आणि तू आत असावास, एवढंच मला हवं होतं. म्हणजे तुला एक शब्द तरी त्याच्याशी बोलावा लागला असता.

आणि तसंच झालं. खुंट दिसायला लागला आहे, आपण थोडे पुढे, काका बाहेरच्या बाजूला, इतका जवळ की त्याच्या शिडाच्या शिवणी मोजता येतील. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा बसलेला. चिखल समोर येतोय. पाण्याचा रंग बदलला. मी तुझ्याकडे बघते. काका तुझ्या तोंडाकडे बघतोय, सुकाणू हातात घट्ट, वळायला तयार. मी म्हटलं, "बाबा, माग ना वाट." तू ओठ मिटून घेतलेस. मग मीच ओरडले, "काका, वाट!" काकाने नाही अशी मान हलवली. माझी हाक धरायची नव्हती, हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं. मग खालून फस्स असा आवाज आला आणि आपण थांबलो. काका तुझ्या तोंडाकडे बघतच राहिला आणि दोन वाव, म्हणजे आठेक हात, पुढे जाऊन तोही रुतला.

तिसरी होडी मधल्या धारेतून निवांत गेली. तिच्यावरचा ओरडला, "काय हो, दोघं भाऊ भात लावताय काय?"

ओहोटी चालूच होती. चिखल कमरेएवढा, आणि होडी सोडून जाणं तुम्हा दोघांच्याही रक्तात नव्हतं. भरतीचं पाणी येईपर्यंत बसणं आलं. ऊन वर चढलं. तुला खोकला लागला तो थांबेना, आपलं पाणी संपलं. बऱ्याच वेळाने काका म्हणाला, मला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, खोकला ऐकवत नाही." आणि पाण्याची बाटली फेकली. ती आपल्या होडीत पडली. तू प्यायलास. मग म्हणालास, "तुझ्या काकाला सांग, बाटली परत मिळणार नाही."

"सांग त्याला, बाटली माझ्या सुनेची आहे. तिला तोंड त्यानेच द्यावं."

"सांग, सुनेला मी घाबरत नाही. त्याला घाबरावं लागतं."

काकाचा मुलगा हसून लोळायचा बाकी होता. मी तुमच्या मधली तार झाले होते. काकाने दोन चिकू फेकले, वहिनीच्या, म्हणजे त्याच्या सुनेच्या, घोलवडच्या माहेरचे. एक चिखलात पडला. "सांग तुझ्या बापाला, तो त्याचा होता." तू हसलास, बाबा. हसताना परत खोकला आला आणि मग तू किती तरी वेळ चिखलात पडलेल्या त्या चिकूकडे बघत बसलास. मला वाटलं, आता म्हणशील. "दादा" एवढंच म्हटलं असतंस तरी चाललं असतं. पाणी आलं, होड्या हलल्या, आणि तू म्हणालास, "शीड ओढ."

त्याच वर्षी पावसाच्या आधी तू गेलास. तेव्हा काका अंगणात उभा होता. आत आला नाही. बाटली आपल्याकडेच राहिली, मोरीत आहे अजून.

दोन हजार एकोणीसला काकाचा मुलगा वापीला नोकरीला गेला होता. काका दारात येऊन म्हणाला, "शीड धरशील काय?" आई आत निघून गेली. मी धरलं. त्याचं सगळं तुझ्यासारखंच होतं, मानेवर वारा घेणं, थुंकणं, शीड ढिलं पडलं की चिडणं. आम्ही पुढे होतो, एक होडी बरीच मागे. तोच काठ आला. शेजारी कोणी नव्हतं. काका हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, मी वळणार होतो. एकदा तोंड उघडलं असतं तर मी वळणारच होतो."

मी पुढे पाण्याकडे बघितलं. पाण्याचा रंग बदलायला लागला होता. मग म्हटलं, "बाबा म्हणतो, दादा, वाट."

काकाने माझ्याकडे बघितलं नाही. काठाकडे अजून पुरेसं पाणी होतं, आणखी पुढे जाता आलं असतं, पण त्याने तिथेच होडी वळवली आणि मधल्या धारेत घातली. पाण्याने आम्हाला मागे ढकललं. मागची होडी काठाकाठाने पुढे गेली. धक्क्यावर सगळे काकाला विचारत होते, तात्या, एवढ्या लवकर का वळलात? तो म्हणाला, "वाट द्यायची होती."

त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही. आमच्यात त्या दिवसाचं बोलणं कधी निघालं नाही. आता हा कागद घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन, आणखी कुठे टाकणार.

बाबा, ते तू म्हणाला नव्हतास. ते मीच म्हटलं. आता तो तिकडे आला असेल. त्याने विचारलं तर हो म्हण.