नातीला ‘नाही’ म्हणायला गेलो

बुधवार, ७ मे. लातूर.

गल्लीतली पोरं क्लासला पळतात आणि आमची नात वकिली शिकायला जायच्या आधी वर्षभर कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणार म्हणते. तिचा बाप म्हणाला, "आबा, तुम्हीच नाही म्हणा." म्हणून कचेरीवर गेलो, तर ती कामाला बसलेलीच. केवढं ऊन!

भूकंपात घर पडलेली एक म्हातारी अर्जावर अंगठा द्यायला निघाली होती. नातीनं तिचा हात धरला.

"आजी, आधी ऐका."

"मला काय कळतंय, बाई?"

"कळंस्तोवर वाचते."

तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हातारी ओरडली, "अगं, घर माझ्या नावावर हाय, दिराच्या न्हाई!"

नातीनं अर्ज नव्यानं लिहिला. हे कॉलेजात शिकवतात का? मी चौथी शिकलेला, मला काय ठाऊक. पण ऊन लई होतं, पोरगी वाळली.

मुलाला एवढंच सांगेन, उद्यापासून तिचा डबा मी नेणार.